वाळलेला थेंब आणि पाटीवरचे चोपन्न

मार्कंड्याच्या देवळांपाशी वैनगंगा उत्तरेकडे वळते. नदीच्या या वळणामुळेच या ठिकाणाला तीर्थाचे माहात्म्य आले. महाशिवरात्रीची जत्रा उलगली की ऊन चढू लागते, पात्र आकसते आणि वाळूत जागोजाग डबकी मागे राहतात. असे एखादे डबके आटताना पाहावे. आधी कड उघडी पडते आणि तिच्यावर गाळाची पांढुरकी रेघ उमटते. पाणी आत सरकते तशी दुसरी रेघ, मग तिसरी. शेवटी मधला चिखल भेगाळतो. चिखलाचा वरचा थर पाणी गेल्याने आकसू पाहतो, खालची जमीन त्याला धरून ठेवते, ताण वाढत जातो आणि थर फाटतो. अंड्यातल्या पांढऱ्याचा एक पातळ केलेला थेंब काचपट्टीवर ठेवला, तर याच्या फार जवळचे काहीतरी दोन-चार मिलिमीटरांच्या जागेत, अर्ध्या-पाऊण तासात घडते. या प्रस्तावनेचा एक विषय तो थेंब आहे. दुसरा विषय आहे गणित आणि भौतिकशास्त्र शिकणारे मूल, आणि ते कसे शिकते हे प्रयोगाने तपासण्याची रीत. हे दोन अभ्यास एकत्र का आणले, असे वाचक विचारील. माझे उत्तर असे: वाळल्यावर उरलेला डाग पाहून वाळणे कळत नाही आणि परीक्षेतले गुण पाहून शिकणे कळत नाही. दोन्हीकडे घडण्याची क्रिया झाकलेली असते. ती उघडी करायची तर बाकी सगळे सारखे ठेवून एकच गोष्ट बदलून पाहावी लागते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात असे पाहणे शक्य आहे, इतकेच नव्हे तर काही प्रश्नांसाठी याहून चांगली जागा महाराष्ट्रात नाही, असे मला ठामपणे म्हणायचे आहे.

थेंबापासून सुरुवात करू. टेबलावर सांडलेल्या चहाचा डाग कडेला गडद आणि मध्ये फिका असतो, हे प्रत्येक घरात दिसते. विचारले तर बहुतेक जण उलटे सांगतात: थेंब मध्ये जाड असतो, म्हणून रंगही मध्येच जास्त साठणार. यामागचे कारण १९९७ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये मांडले. थेंबाची कड पृष्ठभागावरच्या बारीक खडबडीत जागांना चिकटून बसते आणि मागे सरकत नाही. बाष्पीभवन कडेला सर्वांत वेगाने होते. कड जागची हलत नाही, म्हणजे तिथे उडून गेलेल्या पाण्याची भरपाई मधून आलेल्या पाण्यानेच व्हायला हवी. अशा रीतीने थेंबाच्या आत मध्याकडून कडेकडे एक प्रवाह सतत चालू राहतो आणि तो तरंगणारे कण वाहून नेऊन कडेला टाकतो. २०११ मध्ये आणखी एक गोष्ट समोर आली. गोल कणांऐवजी लांबट कण वापरले तर कडा जवळजवळ उमटतच नाही. लांबट कण पृष्ठभागावर एकमेकांना धरून राहतात आणि कडेला लोटले जात नाहीत. बाकी थेंब तोच. एक आकार बदलला आणि डाग बदलला. नुसता डाग बघत बसलो असतो, तर कणाच्या आकाराचा यात काही हात आहे हे कधीच सुचले नसते.

प्रथिनाचा थेंब चहाच्या थेंबाहून अवघड. चहाचे कण बिचारे नुसते वाहत जातात, प्रथिनाचे रेणू मात्र गर्दी झाली की एकमेकांत गुंततात. अंड्याच्या पांढऱ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी आणि दहाएक टक्के प्रथिने असतात. त्यांतले लायसोझाइम १२९ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. प्रयोगशाळेत नेहमी वापरले जाणारे गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन ५८३ आम्लांचे. थेंबाच्या कडेला प्रथिनाची दाटी होते, तिथे खळीसारखा थर तयार होतो, तो आकसतो, काच त्याला सोडत नाही आणि कडेकडून भेगा निघतात. थोडे मीठ मिसळले की सगळे चित्र पालटते. काही थेंबांत मध्यभागी स्फटिकांची झाडे उगवल्यासारखी दिसतात. प्रथिन कोणते, किती दाट, मीठ किती, हवा किती कोरडी, काच किती स्वच्छ, यांतल्या प्रत्येकाने डाग बदलतो. यातून काही संशोधकांच्या मनात अशी आशा उभी राहिली की वाळलेल्या रक्ताच्या डागावरून आजार ओळखता येईल. ती आशा रास्त आहे, पण आज ती निदानाची मान्य रीत नाही. कारण सरळ आहे: इतक्या गोष्टी एकदम डागावर परिणाम करतात की दोन डागांतला फरक आजाराचा की त्या दिवशीच्या दमटपणाचा, हे वेगळे काढणे कठीण जाते.

हा प्रश्न गडचिरोलीला परका नाही. इथे प्रथिनाचा थेंब काचेवर वाळवण्याचे काम दशकानुदशके चालले आहे, फक्त त्याला कोणी भौतिकशास्त्र म्हटले नाही. हिवतापाच्या तपासणीसाठी आरोग्यसेवक किंवा आशाताई बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेते आणि दुसऱ्या काचेच्या कोपऱ्याने तो गोल पसरवते. हा जाड थर सपाट जागेवर पूर्ण वाळू द्यावा लागतो. ओला राहिला तर रंगवताना काचेवरून सुटून जातो. घाईने विस्तवावर धरला तर तांबड्या पेशी घट्ट होतात, मग रंगवताना त्यांतले हिमोग्लोबिन धुऊन निघत नाही आणि परजीवी दिसत नाहीत. पावसाळ्यात, म्हणजे नेमक्या तापाच्या दिवसांत, हवा इतकी ओली असते की पट्टी वाळता वाळत नाही. आता झटपट चाचणीचे संच आले आहेत, तरी काचपट्टी संपलेली नाही. हेच हिमोग्लोबिन सिकलसेलच्या आजारात दगा देते. त्याच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते आणि प्राणवायू कमी पडला की रेणू एकमेकांना जोडून लांब दोरे बनवतात, पेशी विळ्यासारखी वाकते. विदर्भात हा आजार किती घरांत आहे हे वेगळे सांगायला नको. प्रथिनाचे रेणू गर्दीत कसे वागतात, हा प्रश्न ज्या भागाच्या रक्तातच आहे, तिथल्या महाविद्यालयातल्या मुलांनी तो दूरच्या प्रयोगशाळांचा विषय मानून सोडून द्यावा, याचे मला खरोखर वाईट वाटते.

आता पाटीकडे वळू. दुसरीतल्या मुलाला ‘चोपन्न’ लिहायला सांगितले आणि त्याने ४५ लिहिले. शिक्षक चूक म्हणून फुली मारतो आणि फुली हाच डाग. पण मुलाने काय केले ते पाहा. त्याने आधी ‘चो’ ऐकले आणि चार लिहिला, मग ‘पन्न’ ऐकले आणि पाच लिहिला. ऐकलेल्या क्रमाशी तो प्रामाणिक राहिला. मराठी संख्यानामात एकक आधी येतो, अंकांत दशक आधी येतो. ‘एकोणसाठ’मध्ये तर साठ ऐकू येतात आणि लिहायचे असतात एकोणसाठ. म्हणजे मधल्या मध्ये एक वजाबाकीही करायची. दुसऱ्या एखाद्या मुलाने ४५ लिहिले असेल ते नुसत्या अंदाजाने. दोघांच्या वहीत फुली सारखीच, दोघांना लागणारी मदत मात्र पूर्ण वेगळी. गुणांची बेरीज हा फरक पुसून टाकते.

या प्रश्नावर महाराष्ट्रात २०१९ च्या जूनमध्ये मोठा वाद झाला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘पन्नास चार’ अशी वाचनाची रीत आली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी ती मुलांना सोपी जाईल म्हणून सुचवली होती आणि जुन्या नावांवर बंदी घातलेली नव्हती. वर्तमानपत्रांत लेख आले, विधिमंडळात टोले-प्रतिटोले झाले, भाषेच्या अस्मितेचा प्रश्न उभा राहिला. नारळीकर यांचा तर्क मला पटतो. पण त्या सगळ्या गदारोळात दोन्ही बाजूंकडून एक गोष्ट पुढे आली नाही: मराठी मुलांवर केलेली तुलना. परदेशात ती झालेली होती. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांना संख्या सांगून लिहून घेतल्या, तेव्हा त्यांच्या चुकांपैकी जवळपास निम्म्या या उलटापालटीशी जोडलेल्या निघाल्या. त्याहून मोलाचा अभ्यास चेक भाषेतला आहे. त्या भाषेत दोन्ही रीती प्रचारात आहेत, दशक आधी आणि एकक आधी. त्याच मुलांना त्याच संख्या दोन्ही रीतींनी सांगितल्या. एकक आधी सांगितल्यावर चुका वाढल्या. इथे शाळा तीच, बुद्धी तीच, घर तेच, बदलले फक्त नाव. वादाचा निकाल लावणारा पुरावा असा असतो.

गडचिरोली जिल्हा मला इथे फार महत्त्वाचा वाटतो. सिरोंच्याकडे घरात तेलुगू बोलतात. तेलुगूत चोपन्न म्हणजे ‘याभै नालुगु’, पन्नास चार. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत पूर्व बंगालातून येऊन वसवलेली बंगाली कुटुंबे आहेत. बंगालीत तेच ‘चुआन्न’, मराठीसारखे उलटे. भामरागड-एटापल्लीकडे माडिया आणि गोंडी, जिथे मूल घरी उंदी, रंड, मुंड असे मोजू लागते आणि शाळेत पाऊल टाकताच परक्या नावांच्या गर्दीत सापडते. एका जिल्हा परिषदेखाली, एका पाठ्यपुस्तकावर शिकणारी ही मुले संख्यांच्या तीन-चार वेगवेगळ्या घडणी घरून घेऊन येतात. तेलुगू घरातले मूल मराठी नावांवर जास्त अडते की त्याची घरची सरळ नावे त्याला स्थानिक किंमत समजायला मदत करतात? मला याचे उत्तर ठाऊक असल्याचा दावा करता येत नाही, आणि माझ्या मते ते तर्काने ठरवूही नये. पुणे-मुंबईच्या शाळांत हा प्रश्न नीट विचारताच येत नाही, इथे तो रोज वर्गात बसलेला असतो.

या मुलांच्या गणिताबद्दल आणखी एक गैरसमज काढून टाकायला हवा. तेंदूच्या हंगामात, मे महिन्यात, घरची सगळी माणसे पाने मोजायला बसतात. सत्तर पानांचा एक पुडका, भाव शेकडा पुडक्यांवर, हजार पुडक्यांची प्रमाण गोणी. फडीवर मुनशीने पुडके मोजताना चूक केली तर ती पकडणारी पोरे प्रत्येक गावात आहेत. तीच पोरे शाळेत ‘७० × १३’ पाहून गप्प बसतात. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात १९८५ च्या सुमारास पाच विक्रेत्या मुलांचा अभ्यास झाला. बाजारात त्यांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. कागदावर तीच आकडेमोड दिली तेव्हा ३७ टक्के. पाच मुले म्हणजे फार थोडी, हे खरे. पण २०२५ मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा मोठा अभ्यास ‘नेचर’मध्ये आला, आणि त्यातही बाजारातले गणित शाळेत पोहोचत नाही, शाळेतले बाजारात पोहोचत नाही, असेच दिसले. म्हणजे ‘जंगलातल्या मुलांना गणित येत नाही’ हे विधान निरीक्षण म्हणूनही चुकीचे आहे. त्यांना एका जागी येते आणि दुसऱ्या जागी येत नाही. मधला बांध कशाने ओलांडता येईल, हा संशोधनाचा प्रश्न आहे.

संख्यानामांची अशी तुलना करू म्हटले की तीन आक्षेप पुढे येतात. पहिला आक्षेप जुन्या पिढीकडून येतो: आम्ही पावकी, निमकी, अडीचकी याच नावांनी घोकली, आमचे काही अडले नाही. हे म्हणणारे खोटे बोलत नाहीत. पण ते शाळेत टिकलेले लोक आहेत. ज्यांचे अडले ते तिसरी-चौथीतून गेले, गुराखी झाले, आणि आज त्यांना या चर्चेत कोणी विचारत नाही. टिकलेल्यांना मोजून रीत चांगली ठरवायची, हा हिशोब मुळातच कच्चा आहे. तुलनेत गळलेली मुलेही मोजावी लागतात. आश्रमशाळांत होळीला घरी गेलेले मूल परतले नाही तर त्याचे नाव कोरे ठेवून चालत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मूल म्हणजे थेंब नव्हे, मुलांवर प्रयोग करायचे नसतात. मूल थेंब नाही, हे मान्यच. थेंब बिघडला तर पुसून दुसरा ठेवता येतो, त्याला कालचे काही आठवत नाही. मुलाला एकदा शिकवलेले काढून घेता येत नाही. म्हणूनच एका मुलावर दोन्ही रीती एकापाठोपाठ वापरून तुलना करणे बहुधा फसते आणि सारख्या परिस्थितीतल्या दोन गटांची गरज पडते. त्याच कारणाने पालकांची संमती, हानी होणार नाही याची खात्री आणि चांगली निघालेली रीत नंतर सर्वांना देण्याचे वचन या अटी सक्तीच्या असल्या पाहिजेत. पण आक्षेप घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नवे पाठ्यपुस्तक राज्यभर एकदम लागू करणे हाही प्रयोगच असतो, आणि तोही लाखो मुलांवर. फरक इतकाच की त्यात तुलनेचा गट नसतो, नोंद नसते आणि चूक झाली तर ती कोणाच्या लक्षात येत नाही. पन्नास शाळांत सावधपणे पाहणे क्रूर आणि सगळ्या राज्यात न पाहता लादणे मात्र निर्दोष, असे म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप असा, की अशा दुर्गम जागी हे जमणार नाही. रस्ते नाहीत, शिक्षकांच्या जागा रिकाम्या, एका खोलीत चार वर्ग. या अडचणी खऱ्या आहेत, आणि कोणताही प्रयोग रिकाम्या जागेवर शिक्षक आणून बसवणार नाही. तरी जगाने मानलेला एक प्रयोग याच जिल्ह्यात झाला आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत सुरू केली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. गावातल्याच बायांना शिकवून तयार केले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. ती ४७ गावे नसती तर कोणीही म्हणू शकला असता की सगळीकडेच मृत्यू कमी होत होते. पुढे देशाच्या धोरणात ही पद्धत गेली ती त्या तुलनेच्या बळावर. ज्या जिल्ह्यात बाळाच्या जिवाची तुलना इतक्या काटेकोरपणे झाली, तिथे चोपन्न लिहिण्याची तुलना अशक्य आहे, हे कसे मानायचे?

राज्यात या कामाची पूर्वपीठिकाही आहे. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले आणि व्ही. जी. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली त्याने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यासारख्या ठिकाणी ग्रामीण शाळांबरोबर काम केले. पाठ्यपुस्तकाची भाषाच मुलाला अडवते का, हा प्रश्न त्यांनी आरंभीच घेतला. या केंद्राच्या कामाचा धागा पूर्व विदर्भापर्यंत पुरेसा पोहोचला नाही, असे माझे मत आहे. २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत आहे आणि दोन्ही जिल्ह्यांची महाविद्यालये त्याच्याकडे आहेत. हा धागा आता तिथून ओढता येईल.

थेंब आणि पाटी प्रत्यक्ष एकत्र येतात ती जागाही सांगायला हवी. भौतिकशास्त्र शिकण्याविषयीच्या अभ्यासांत एक रीत वारंवार उपयोगी पडलेली आहे: मुलाने आधी भाकीत करायचे, मग पाहायचे, मग दोहोंत फरक का पडला ते सांगायचे. बाष्पीभवनाबद्दल मुलांच्या मनात काय काय असते हे न्यूझीलंडमध्ये १९८३ मध्ये तपासले गेले, तेव्हा ताटलीतले पाणी ताटलीत मुरले, नाहीसे झाले, त्याचा हायड्रोजन-ऑक्सिजन झाला, अशी उत्तरे आली. वाळणारा थेंब या भाकितासाठी उत्तम आहे. उत्तर पुस्तकात छापलेले नसते, निकाल अर्ध्या तासात येतो, आणि बहुतेकांचे पहिले भाकीत चुकते. गावात अंडे मिळते, काचपट्टी आरोग्य उपकेंद्रात मिळते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो आणि हवा करकरीत कोरडी असते. ऑगस्टमध्ये तीच खोली दमट होते. महागड्या यंत्राने जी आर्द्रता बदलावी लागते ती इथे ऋतू फुकट बदलून देतो. तोच थेंब, तीच काच, दोन महिने, दोन डाग. दाट केलेले आणि पातळ केलेले पांढरे शेजारी ठेवले की भेगांची संख्या मोजायचे गणितही आपोआप वर्गात येते.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. मार्कंड्यापासून सिरोंच्यापर्यंतच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की पहिल्याच आठवड्यात दुसरी-तिसरीच्या मुलांना वीस संख्या सांगून लिहून घ्याव्यात. चुकलेले उत्तर खोडू नये, मुलाने लिहिले तसेच वहीत उतरवून ठेवावे आणि त्याच्या नावाशेजारी त्याची घरची भाषा लिहावी. त्याच दिवशी खिडकीत एका काचपट्टीवर अंड्यातल्या पांढऱ्याचा थेंब ठेवून तारीख आणि तापमान नोंदवावे. ही वही नीट जपून ठेवा. पुढल्या जूनमध्ये तिचे दुसरे पान लिहायचे आहे.